खपली आपोआप पडल्याशिवाय

"हील म्हणजे बरं होणं, हे शेंबडं पोरही सांगेल. हील अप म्हणजे काय ते सांगा. तो ‘अप’ तिथे काय शोभेला बसवलाय?"

हा आमच्या इंग्रजीच्या बाईंचा आवाज. एवढं विचारून त्या टेबलावर पट्टी आपटायच्या आणि वर्गभर नजर फिरवायच्या. आम्ही सगळ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचो. मग उत्तरही त्याच द्यायच्या. "ईट अप म्हणजे ताट चाटूनपुसून लख्ख. ड्राय अप म्हणजे विहिरीत थेंब नाही. आणि हील अप म्हणजे जखमेचं तोंड मिटलं, खालून नवी कातडी आली, काम संपलं. ताप हील अप होत नाही. डोकेदुखी हील अप होत नाही. ज्याला तोंड फुटलंय तेच मिटतं. कापलेलं, भाजलेलं, खरचटलेलं. फार तर मोडलेलं हाड. कळलं? बसा खाली."

आम्ही बसलेल्याच असायचो.

शाळेतलं माणसाच्या डोक्यात काय टिकेल याचा नेम नाही. माझे पाढे गेले, नद्या गेल्या, लढायांच्या सनावळ्या तर गावाला गेल्या त्या परतल्याच नाहीत. हा ‘अप’ तेवढा राहिला. राहिला तर राहू दे, कोपऱ्यात पडून राहिला असता. पण एवढ्या वर्षांनी त्याने नोकरीच्या दारात पायात पाय घालून मला आडवं केलं. कसं, ते सांगते.

मी बिस्किटांच्या कारखान्यात चाखण विभागाची प्रमुख आहे. हे ऐकलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि डोळ्यांत असूया येते. त्यांना वाटतं, मी दिवसभर चहात बुडवून बिस्किटं खाते. तसं नसतं. आम्ही चाखतो, गिळत नाही. चावायचं, जिभेवर फिरवायचं, कागदी पेल्यात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि कागदावर आकडा टाकायचा. गिळत बसलो असतो तर आम्हाला आत घ्यायला दरवर्षी दार रुंद करावं लागलं असतं. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की एकदा साहेबांच्या घरी त्यांच्या पत्नीने केलेला केक चावून झाल्यावर मी पेला शोधायला लागले होते. त्या माउलीने पाण्याचा ग्लास पुढे केला, म्हणून अब्रू वाचली.

तर कारखान्यात एक नियम आहे. हाताला जखम असेल तर पिठाजवळ, भट्टीजवळ, चाखणीच्या खोलीत, कुठेच जायचं नाही. मूळ नियम इंग्रजीत. त्याची पाटी मराठीत करायची ठरली, तेव्हा बैठकीत साहेबांनी सुटसुटीत वाक्य काढलं: ‘जखम बरी झाल्यावर कामावर यावे.’ खरं तर तिथेच टाळी वाजवून उठायचं. पण माझ्या डोक्यात पट्टी आपटली. मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, मुळात ‘हील अप’ आहे. बरी होणं वेगळं आणि मिटणं वेगळं. चार दिवसांत दुखायचं थांबतं, माणूस म्हणतो बरं आहे, आणि खपली पडते पिठात. साहेब म्हणाले, "बरं बाई, मग तुम्हीच लिहा." मी लिहिलं:

‘जखमेचे तोंड पूर्ण मिटून, नवी कातडी येऊन, खपली आपोआप पडल्याशिवाय आत प्रवेश नाही.’

फाटकाशेजारी प्रथमोपचाराची खोली आहे, तिच्या दारावर ही पाटी लागली. सिस्टरना मी स्वतः तिचा अर्थ समजावला. ‘अप’सकट. त्यांनी तो नको तितका मनावर घेतला.

आता बिस्किटाकडे येते. माझी आई गेली त्या वर्षी मी लिंबाच्या सालीचं बिस्कीट करायला घेतलं. का, ते विचारू नका. माणसं अशा वेळी प्रवासाला जातात, बागकाम करतात. मी लिंबं किसली. सुट्टीच्या दिवशी घरच्या भट्टीत, पुन्हा पुन्हा, कधी लोणी जास्त, कधी साखर कमी. घरचे खायचे, शेजारी खायचे, सगळे ‘छान’ म्हणायचे. मग आमच्या विभागानेही चाखून पसंत केलं आणि शेवटी कारखान्याने ते मोठ्या भट्टीत करून बघायचं कबूल केलं. दिवस ठरला. विरोध एकाच माणसाचा होता. आमच्या विभागातल्या त्या गृहस्थांना सगळे बाटली म्हणतात. पिण्यामुळे नव्हे, त्यांच्या खिशात कायम कृत्रिम वासाची एक बाटली असते. त्यांचं म्हणणं, साल किसत कोण बसणार, दोन थेंब टाकले की झालं लिंबू. साहेबांनी निकाल दिला: त्या दिवशी मी भट्टीपाशी उभी राहून सालीचं बिस्कीट पास करायचं. ते जमलं नाही तर बाटली उघडायची.

आणि नेमकं या चाचणीला थोडे दिवस उरले असताना, घरी शेवटची एक खेप करून बघावी म्हणून मी किसायला बसले आणि सालीबरोबर अंगठ्याचं कातडं किसून घेतलं. लिंबाचा रस आणि उघडी जखम यांची भेट कशी होते, हे मी लिहीत नाही. तळमजल्यापर्यंत ऐकू गेली, एवढं पुरे.

सकाळी फाटकावर सिस्टरनी पट्टीकडे बघितलं.

"हे काय?"

"किसणी."

"मिटलंय?"

"मिटेल की."

"मग मिटल्यावर या." त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"अहो सिस्टर, मी वाचलंय ते."

"वाचलंय? मॅडम, तुम्ही लिहिलंय."

मी फाटकातूनच साहेबांना फोन लावला. ते आधी उगाच खोकले. हसू आवरत होते असा माझा संशय आहे. मग म्हणाले, "मी तेव्हा म्हणत होतो ना, ‘बरी झाल्यावर’ पुरे? तुम्ही मला भर बैठकीत ‘अप’ शिकवलात. आता कोणत्या तोंडाने सूट देऊ?"

तोंड सगळ्यांना होतं. मिटायला हवं होतं ते एकच.

आमच्या इमारतीत बातमी जिन्याने चढत नाही, पाइपातून चढते. मी घरी पोचेपर्यंत वरच्या मावशी दारात हजर. "अगं, गुंडाळून काय ठेवलंयस! वारा लागू दे त्याला. जखमेला श्वास घ्यायला नको?" त्यांनी पट्टी सोडली. त्या गेल्या आणि समोरचे काका आले. हे काका घरातल्या रिमोटलासुद्धा पिशवी घालतात. अंगठा बघून त्यांना घेरीच आली. "उघडा? झाकून ठेव आधी! धूळ, जंतू, काय काय असतं हवेत." त्यांनी पट्टी बांधली. दुपारी मावशी पुन्हा आल्या, त्यांनी पुन्हा सोडली. हळूहळू इमारतीत दोन पक्षच पडले, उघडे आणि झाकणे. उघड्यांनी झाकणाऱ्यांच्या दारावरून जाताना बोलणं सोडलं. माझ्या अंगठ्याला बिचाऱ्याला आपण घरी आहोत की बाहेर निघालोय, हेच कळेना.

त्यात तिसरा पंथ निघाला मधाचा. तळमजल्यावरच्या ताईंनी सांगितलं, मध लाव, रात्रीत फरक. मी दुपारीच लावला आणि जरा आडवी झाले. जाग आली ती गुदगुल्यांनी. खिडकीपासून माझ्या अंगठ्यापर्यंत मुंग्यांनी शिस्तीत रांग धरली होती. त्यांची वाहतूक वळवण्यात संध्याकाळ गेली.

माझे सासरे या सगळ्यात निःपक्ष. त्यांना टपाल तिकिटं जमवण्याचा नाद. रोज सकाळी भिंग घेऊन बसायचे आणि हाक मारायचे, "सूनबाई, हात!" मग नातेवाइकांना फोनवर वार्तापत्र. "कडा उत्तरेकडून सरकतेय. मध्ये जरा ओलसर आहे. प्रकृती स्थिर." एक दिवस खपली छान तपकिरी, कडक झाली. मी मनात दिवस मोजले. चाचणीच्या आधी पडेल असं वाटलं. सासऱ्यांनी भिंग धरलं, "हं" म्हणाले, पुन्हा "हं" म्हणाले, आणि मी खिडकीबाहेर बघत असताना त्यांनी कडेला नख घालून ती अलगद उचलली.

रक्त आलं. माझी किंकाळी ऐकून माझे यजमान आतून धावत आले. आयुष्यात प्रथमच त्यांनी वडिलांवर आवाज चढवला. "बाबा! ते काय पाकिटावरचं तिकीट आहे सोलून काढायला?"

"तसं नाही रे," सासरे ओशाळून म्हणाले, "वाफ दिल्याशिवाय काढू नये, हे मला माहीत होतं. पण कोपरा सुटला होता. हात राहिला नाही."

माझे यजमान विमा कार्यालयात काम करतात आणि दिवसभर लोकांच्या अपघातांच्या गोष्टी ऐकतात. त्यामुळे घरी त्यांचं बोलणं अगदी बेताचं. चहा छान, भाजी छान, पडदे छान. छान हा त्यांचा शब्द नाही, श्वासच आहे. एरवी मला त्याचा राग येई. त्या दिवशी त्यांनी अंगठा धुऊन दिला, पट्टी बांधली आणि दारावर चिठ्ठी लावली: ‘अंगठा कोणालाही दाखवला जाणार नाही.’ उघडे आणि झाकणे या दोघांनाही अपमान वाटला, आणि त्यामुळे ते पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले.

‘हील अप’ मात्र इमारतभर झालं. मी किती जणांना नियम समजावला कोण जाणे, शब्द सुटला तो सुटलाच. काकांनी जिन्यात सांगितलं, "अगं, माझी सर्दी हील अप झाली." मी म्हटलं, काका, सर्दी नाही हो होत हील अप, सर्दीला जखम नसते. ते म्हणाले, "तू माझं नाक बघितलं नाहीस." लिफ्टवाल्याने दुरुस्तीनंतर सांगितलं की लिफ्ट हील अप झाली. यावर मी तोंड उघडणार तोच मावशी वरून ओरडल्या, त्यांचा स्वयंपाकघरातला नळ हील अप झालाय. आता नळाला तोंड असतं, ते गळत होतं, आता मिटलं. बाईंनी पट्टी आपटली असती की मान डोलावली असती, मला अजूनही ठरवता येत नाही.

चाचणी जवळ आली. नवी खपली धरली होती, पण पडेल की नाही याची खात्री नव्हती. मी डॉक्टरीणबाईंकडून दाखला घेतला आणि फाटकावर गेले. सिस्टरनी चष्मा लावला.

"हीलिंग वेल लिहिलंय. म्हणजे चालू आहे. संपलेलं नाही."

मी परत गेले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घालून नवीन दाखला दिला. सिस्टरनी तोही वाचला.

"हील्ड. ‘अप’ कुठाय?"

"सिस्टर, डॉक्टरांनी हील्ड म्हटलं म्हणजे झालंच ना पुरतं!"

"तुम्हीच शिकवलंत, मॅडम. ‘अप’ शोभेला नसतो."

मी पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी सात वर्षं वैद्यक शिकले. त्यात ‘अप’चा तास नव्हता." तरी बिचारीने लिहिलं, फक्त वेगळ्या शाईने, कारण पहिलं पेन कुणी तरी नेलं होतं. सिस्टर म्हणाल्या, ही मागाहून केलेली भर आहे, शेजारी सही लागेल. मी पुन्हा गेले तर दवाखान्याला कुलूप, डॉक्टरीणबाई रजेवर. मी फाटकावर येऊन अगदी रडकुंडीला आले तेव्हा सिस्टर मऊ आवाजात म्हणाल्या, "कागद राहू दे. दाखवा अंगठा." त्यांनी दिव्याखाली धरला. "ही बघा कड. अजून चिकटलेली आहे. मी आत सोडीन हो, पण उद्या तुमच्याच बिस्किटात निघाली तर?"

मी अंगठा परत घेतला. जगात सगळ्यात वाईट हरणं म्हणजे आपल्याच वाक्याकडून हरणं.

चाचणीच्या दिवशी मी तरीही गेले. अंगठ्यामुळे मला स्कूटर चालवता येत नव्हती, म्हणून यजमान रजा टाकून सोडायला आले होते. फाटकाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. आतून लोणी तापल्याचा वास येत होता. मी इतकी वर्षं त्या वासात काम केलं. तो बाहेरून असा येतो, हे मला माहीत नव्हतं.

मार्ग शेवटी सिस्टरनीच काढला. "पाटीवर लिहिलंय, तुम्ही आत यायचं नाही. बिस्किटांनी बाहेर यायचं नाही असं कुठे लिहिलंय?" साहेबांना पटलं. गरम ताटली फाटकाबाहेर आली, सोबत पेला, कोमट पाणी आणि खुद्द बाटली. ते खिशावर हात ठेवून उभे राहिले. साहेब फोनवर होते. मी हो म्हटलं की सबंध दिवसाचं पीठ भट्टीत जाणार होतं.

मी चावलं. कुरकुरीत. जिभेवर फिरवलं, लोणी, मग साखर, मग लिंबू, अगदी मला हवं तसं, ऊन पडल्यासारखं. मी पेल्यात थुंकले, चूळ भरली. बाटलीनेही चावलं, थुंकलं, चूळ भरली आणि नाइलाजाने मान हलवली. शेजारी यजमानांनी एक उचललं होतं. ते आपले साध्या माणसासारखं खात होते.

"साहेब," मी फोनवर म्हटलं, "मला वाटतं..."

"कडू आहे," यजमान म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणालात?"

"मागून कडू लागतं. आधी नाही. गिळलं की मग, घशाशी." त्यांनी उरलेला तुकडा ताटलीत ठेवला. "नेहमीच लागतं."

बाटलीच्या तोंडावर पहाट उगवली. मी मात्र दुसरं बिस्कीट उचललं, चावलं आणि किती तरी वर्षांत कामावर पहिल्यांदाच गिळलं. वाट बघितली. आणि आलंच ते, हळूच, मागच्या दाराने. सालीच्या पिवळ्याखाली पांढरं असतं, त्याचा कडवटपणा. लोभाने मी खोल किसत होते. आमच्या विभागाने हे बिस्कीट दहादा चाखलं आणि दहाही वेळा ते कडू होण्याआधी थुंकलं. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी ते गिळलं आणि छान म्हटलं. चाखणारे गिळत नव्हते आणि गिळणारे बोलत नव्हते.

"साहेब," मी म्हटलं, "थांबवा. हे पीठ नको. साल वरवर किसायला सांगा, फक्त पिवळी. पांढरं दिसलं की लिंबू फिरवा. आणि अजून एक ताटली पाठवा."

"बाई, वेळ..."

"एकच."

साहेबांनी एक दिली. ती येईपर्यंत बाटलीने आपल्या खिशातली बाटली एकदा काढून बघितली, पुन्हा ठेवली. ताटली आली. मी गिळलं. सिस्टरनी गिळलं. बाटलीनेही गिळलं आणि बराच वेळ तोंड वाकडं करण्याचा प्रयत्न करून सोडून दिला. मी यजमानांकडे बघितलं. ते डोळे मिटून घशाशी काय होतंय ते तपासत होते, विम्याचा दावा तपासावा तसं. मग म्हणाले, "नाही लागत."

भट्टी सुरू झाली. आत कुणी तरी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी की पाळी लवकर संपणार म्हणून, ते फाटकाबाहेरून कळलं नाही.

आम्ही स्कूटरकडे निघालो. मला आनंद झाला होता आणि अपमानही. दोन्ही एकदम झाले की माणूस भांडतो.

"कधीपासून कडू लागत होतं तुम्हाला?"

"पहिल्यापासून."

"आणि पहिल्यापासून छान म्हणत होतात? अहो, माझा धंदाच तो आहे! कडू आहे म्हणणारी माणसं शोधायला कारखाना पगार देतो, आणि घरात एक असून मला पत्ता नाही? आज गप्प बसला असतात तर गाडीभर कडू बिस्किटं गेली असती माझ्या नावावर."

"म्हणून तर आज बोललो."

"मग आधी का नाही?"

त्यांनी स्कूटरची सीट रुमालाने पुसली. स्वच्छ होती, तरी पुसली. हेल्मेट हातात घेऊन त्याच्या पट्ट्याशी खेळत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, चल, छान झालं.

"तू पहिल्यांदा किसायला बसलीस ना," ते म्हणाले, "तेव्हा गुणगुणत होतीस. तुझं तुलाही माहीत नसेल. आई गेल्यापासून घरात तुझा तसा आवाज ऐकला नव्हता मी. दाराशी उभा राहिलो. मग तू बशी घेऊन आलीस, कसं झालंय विचारलंस." त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा ओढला, आणि समोर बघतच म्हणाले, "कडू म्हटलं असतं तर तू किसणी खाली ठेवली असतीस. म्हणून गिळलं."